नवव्यांदा विचारल्यावर

कल्तूमाला माझ्या गाडीत मागे बसायला आवडत नाही. मागे बायका असतात आणि ती सापडली की लगेच तिला कामाला लावतात. या बाटलीवर काय लिहिलंय बघ, पोराचा मेसेज वाच, कचेरीतल्या साहेबाला फोन लाव आणि विचार की माझा दाखला कधी देणार. म्हणून ती पुढे माझ्या शेजारी बसते. बायका तरी कसल्या ऐकतात! मागून तिच्या खांद्यावरून फोन पुढे सरकवतातच.

मी बिहि. आमचं गाव तिझगी ते बाजारगाव या अठ्ठावीस किलोमीटरच्या रस्त्यावर सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय. आमच्या सूस भागातले निम्मे पुरुष दूर कासाब्लांका शहरात किराणा दुकानं चालवतात, त्यामुळे माझ्या गाडीत बायका, म्हातारे आणि बकऱ्या. सगळ्यांची सगळी बोलणी माझ्या कानावर पडतात, पण मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, असं मी पूर्वी छाती फुगवून सांगायचो. हल्ली सांगत नाही.

कल्तूमा बाराव्या वर्षी बाजारगावच्या मुलींच्या वसतिगृहात गेली, तेव्हा मीच तिला तिच्या पत्र्याच्या पेटीसकट पोचवलं होतं. तिला फक्त आमची डोंगरातली तशल्हीत भाषा यायची. पहिल्या दिवशी शाळेत बाईंनी नाव विचारलं. तिने अरबीत सांगितलं, आणि वर्गातल्या अरबी बोलणाऱ्या मुली फिसकन हसल्या. नावात हसण्यासारखं काही नव्हतं, ते तिने ज्या सुरात सांगितलं त्याला त्या हसल्या. पोरीने पुढे महिनाभर तोंड उघडलं नाही. नुसती ऐकत राहिली. महिन्यानंतर बोलली ती अशी, की ही डोंगरातली आहे हे कुणाला कळेना. फ्रेंचही तिने तशीच गिळून टाकली. लहान वयात हसू सोसलेलं पोर किती कष्ट करू शकतं, हे मी तिच्यात पाहिलं आणि मला त्याचं कौतुक कमी आणि वाईट जास्त वाटलं.

पुढे अगादीर शहरात तिला फोनवर बोलायची नोकरी लागली. फ्रान्समधल्या लोकांचं इंटरनेट बंद पडलं की फोन हिच्या कानात वाजायचा. तिथे तिचं नाव कारोलीन.

"दिवसाचे आठ तास मी कारोलीन असायचे, मामा," तिने मला एकदा सांगितलं. "आईने फोन केला तर मी म्हणायचे, थांब, आत्ता मी नाहीये."

तिथला नियम एकच होता. समोरचा जे बोलला तेच लिहायचं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. ती त्यात इतकी पक्की झाली की साहेब म्हणाला, हिच्या बोलण्याला कुठल्याच गावाचा वास येत नाही. बिचाऱ्याला वाटलं आपण कौतुक करतोय.

वर्षभराने आईचा पाय मोडला म्हणून ती तिझगीला परत आली, तर इथे दुसरीच तऱ्हा. चुकून एखादा अरबी शब्द तोंडातून गेला की विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "आली बघा अरबीण." पाणी दिल्यावर सवयीने फ्रेंचमध्ये आभार मानले तर, "आमच्या अंगणात कोण मडम आली गं?" ती हसून घ्यायची. पण एकदा गाडीत माझ्याजवळ म्हणाली, "तीन भाषा येतात मला, आणि तिन्ही ठिकाणी लोक विचारतात, तू कुठली." मी गिअर बदलला. मी असाच.

चेष्टा करणाऱ्या याच बायकांना ती लागायची मात्र रोज. बाजारगावच्या आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले होते, सेफ्रीवी नावाचे. फेस शहरातले, तिशीही न ओलांडलेले. रोग्याशी भराभर अरबीत बोलायचे, कागदावर फ्रेंच लिहायचे आणि आमच्या भाषेतला एक शब्द त्यांना यायचा नाही. मग बायका कल्तूमाला घेऊन जायच्या. तिला त्या 'तोंड' म्हणायच्या. संध्याकाळी तिच्या दारात येऊन सरळ विचारायच्या, "उद्या मला डॉक्टरकडे जायचंय. तोंड मोकळं आहे का?"

मार्च महिन्यात इज्जामावशी तिला घेऊन गेली.

इज्जामावशी कल्तूमाची शेजारीण. विधवा, मुलगा कासाब्लांकात. तेलासाठी आर्गानच्या झाडाच्या टणक बिया फोडण्यात तिचा हात धरणारं आमच्या डोंगरात कुणी नाही. दगडावर बी ठेवायची, दुसऱ्या दगडाने एक टोला, आत गर अख्खा. कल्तूमा लहान असताना तिची आई शेतात जायची, तेव्हा ही पोर इज्जाच्या अंगणातच बदामाचं आमलू पावाला लावून खात मोठी झाली. आणि इज्जाची दुसरी ख्याती म्हणजे, तिने कधी कशाची कुरकुर केलेली कुणी ऐकलेली नाही.

त्या दिवशी मी तिला आरशात पाहिलं. शालीची गुंडाळी करून तिने उजव्या काखेत धरली होती, आणि गाडी खड्ड्यात गेली की डोळे मिटून घ्यायची. मला कळलं की हिला कुठेतरी दुखतंय. पण बाईमाणसाचं दुखणं आपण होऊन काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी रस्त्याकडे बघू लागलो.

आरोग्य केंद्रात खोलीला दार नाही, पडदा आहे. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"कसं काय, ठीक ना?" डॉक्टरांनी विचारलं. कल्तूमाने ते आमच्या भाषेत विचारलं.

"ठीक आहे सगळं, अल्लाची कृपा. तुम्ही कसे?" इज्जा म्हणाली.

कल्तूमाने अरबीत सांगितलं, "सगळं ठीक आहे म्हणतात."

"दुखतंखुपतं का काही?"

"काही नाही, काही नाही. सगळं ठीक."

"काही नाही म्हणतात. सगळं ठीक."

"मग आल्या कशाला?" डॉक्टरांनी खालच्या पापणीत पाहिलं असावं, कारण म्हणाले, "रक्त कमी दिसतंय. लोहाच्या गोळ्या देतो. पुढचा पेशंट."

आता हे ज्याला आमची रीत माहीत नाही त्याला वेडेपणा वाटेल. पण आमच्याकडे 'ठीक ना' असं विचारलं की 'ठीक' हेच उत्तर. मग दुसऱ्यांदा विचारायचं, घरच्यांचं विचारायचं, बकऱ्यांचं, जवाच्या पिकाचं, आणि प्रत्येक वेळी ऐकायचं, ठीक. समोरच्याने सुद्धा आपलं सगळं विचारायचं. असं बराच वेळ चालल्यावर मग कुठे माणूस म्हणतो, तशी एक लहानशी गोष्ट आहे. पहिल्याच फटक्याला आपलं दुखणं समोरच्याच्या मांडीवर टाकणारा माणूस आमच्यात निर्लज्ज समजला जातो. इज्जा पहिल्या 'ठीक'पाशी होती, तेवढ्यात डॉक्टरांचं विचारणं संपलं. आणि कल्तूमाने, अगादीरला शिकली तसं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही, असं पोचवलं.

बाकावर बसून मला हे कळलं होतं. मी उठून पडद्याबाहेरून खाकरलो असतो तरी पुरलं असतं. मी गाडी सुरू करायला गेलो.

मे महिन्यात माझी बायको यामना जेवताना म्हणाली, "इज्जा डाव्या हाताने बिया फोडते हल्ली."

"बरं."

"बरं काय? चाळीस वर्षं उजव्या हाताने फोडल्या तिने. कल्तूमाने विचारलं तर आत घेऊन गेली तिला. बाहेर आली तेव्हा पोरीच्या तोंडावर रक्त नव्हतं. तेव्हापासून ती कुणाबरोबर कुठे जात नाही. तुझ्या गाडीत येते का?"

खरंच आठवडाभर आली नव्हती. मी तिच्या घरी गेलो. अंगणातल्या मातीच्या भट्टीत ती भाकरी लावत होती.

"कल्तूमा, सगळं ठीक?"

"ठीक, मामा."

"आई?"

"ठीक."

एवढ्यावर मी मुद्द्यावर आलो, घाई माझीही होतीच. "इज्जाला काय झालंय?"

"मला सांगायचं नाहीये. तिने मला दाखवलं, सांगितलं नाही. म्हणाली, दाखवलं म्हणजे सांगितलं नव्हे, तू कुणाला बोलायचं नाहीस. पण मामा, मार्चमध्ये सुद्धा ते होतं. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मी म्हणाले, सगळं ठीक आहे म्हणतात."

"ती म्हणाली होती तसं."

"शब्दन् शब्द बरोबर होता माझा. शाळेत माझा एक सूर चुकला तर हसायचे, म्हणून मी कुठलाच सूर चुकू देत नाही. आणि या घरात वाढलेली मी, 'ठीक'चा अर्थ मला कळू नये?" तिने भाकरी उलटली, बोट भाजलं, तरी तिकडे बघितलं नाही. "मी परत अगादीरला जातेय. त्यांचं पत्र आलंय. कारोलीनच बरी. तिच्यामुळे फार तर कुणाचं इंटरनेट बंद राहतं."

मला राग आला. खरं तर तो माझा स्वतःवरचाच होता, पण मी तो तिच्यावर काढला. "जा की. कोण अडवतंय? पण इज्जाकडे दुसरं तोंड नाही. तू गेलीस की ती इथेच बसून डाव्या हाताने बिया फोडत मरेल आणि शेवटच्या दिवशी सुद्धा म्हणेल, ठीक."

ती रडली नाही. भाकरी पुऱ्या झाल्यावर हात धुतले आणि इज्जाच्या घरी गेली. इज्जा तयार होत नव्हती. तिचं म्हणणं, एकदा जाऊन आले, डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या दिल्या, आता त्यांना परत काय त्रास द्यायचा. शेवटी एका अटीवर कबूल झाली: "तू तुझ्या पदरचं एक अक्षर बोलायचं नाहीस. माझं दुखणं माझ्या तोंडून निघालं तर निघेल. तू आधी बोललीस तर मी उठून चालू लागेन, आणि मग मला कुठल्याच डॉक्टरकडे कुणी नेऊ शकणार नाही." इज्जा जे म्हणते ते करते, हे दोघींनाही माहीत होतं.

सोमवारी आम्ही गेलो. मी त्याच बाकावर. आत जाण्याआधी कल्तूमाने पदर डोक्यावर नीट केला.

"कसं काय, ठीक ना?" डॉक्टर.

"ठीक, अल्लाची कृपा," इज्जा.

मी वाट बघितली. कल्तूमा ते पोचवेना.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, त्यांनी अजून सुरुवात केलेली नाही," कल्तूमा म्हणाली. "परत विचारा."

"म्हणजे? बाहेर चाळीस लोक बसलेत."

"माहीत आहे. मार्चमध्ये आम्ही आलो होतो तेव्हा तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोनदा सांगितलं. दोघांनीही आपापलं काम केलं आणि काम झालं नाही. आमच्याकडे एवढ्यात विचारून होत नाही. त्यांच्या बकऱ्या कशा आहेत ते विचारा."

"बकऱ्या?"

"मी माझ्या मनचं काही सांगू शकत नाही, तसं वचन दिलंय. पण तुम्ही विचारू शकता."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी पडद्याच्या फटीतून बघितलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं आणि खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणून इज्जासमोर बसले होते.

"त्यांच्या भाषेत कसं विचारतात ते सांग," ते कल्तूमाला म्हणाले.

तिने सांगितलं. ते बोलले. फेसच्या माणसाच्या तोंडात आमची भाषा म्हणजे गरम बटाटा. इज्जाने पदर तोंडावर धरला आणि खुदखुदून हसली, आणि त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेतलं, आणि परत. कल्तूमाला शाळेत हसले होते तसं हे हसू नव्हतं, पण डॉक्टरांचे कान लाल झाले ते मी पाहिले. तरी ते म्हणत राहिले.

बकऱ्या ठीक होत्या. मुलगा ठीक होता. जवाचं पीक पावसाअभावी करपलं होतं, पण तेही ठीक. गुडघे ठीक. झोप ठीक. भूक ठीक. शेजारीपाजारी ठीक. मी बोटांवर मोजत होतो.

मग इज्जाने विचारलं, "आणि तुमची आई? ठीक ना?"

कल्तूमाने पोचवलं. डॉक्टर म्हणाले, "ठीक." आणि मग जरा थांबून, "नाही. साखरेचा आजार आहे तिला. पायाची जखम भरत नाही. मी इथे लोकांचे पाय बघतो, आणि तिचा बघायला मला दोन महिन्यांत जाता आलं नाही."

कल्तूमाने हे सगळं आमच्या भाषेत सांगितलं, काही गाळलं नाही. इज्जा पुढे झुकली आणि त्या तिशीच्या पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बिचारी," ती म्हणाली. "पोरा, अशी गोष्ट लांबवू नये."

"आणि तुम्ही, मावशी?" डॉक्टरांनी आमच्या भाषेत विचारलं, मोडकंतोडकं. नववी वेळ.

इज्जाने त्यांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "तशी एक लहानशी गोष्ट आहे. इथे, काखेजवळ. थंडीत बदामाएवढी होती. आता अक्रोडाएवढी आहे."

कल्तूमाने ते अरबीत सांगितलं. बदाम तो बदाम, अक्रोड तो अक्रोड. तिचा आवाज कापला नाही. मी बाकावरून उठून बाहेर उन्हात गेलो आणि डोळे पुसले. कोण बघतंय.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात इज्जाचं ऑपरेशन झालं. छातीची उजवी बाजू काढावी लागली. कल्तूमा अठरा दिवस तिच्या उशाशी होती. तिथले डॉक्टर फ्रेंच बोलायचे, नर्स अरबी, आणि इज्जा आमची भाषा. पोर दिवसभर तीन भाषांत ये-जा करायची.

जुलैत मी त्यांना आणायला गेलो. निघताना मोठे डॉक्टर आले. कल्तूमाशी फ्रेंचमध्ये बोलले, बरंच लांब आणि हळू आवाजात. कल्तूमा वळून इज्जाला म्हणाली, "ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात." मला फ्रेंच येत नाही. पण एवढ्या लांब बोलण्याचं भाषांतर एवढंसं कसं, हे कळायला फ्रेंच लागत नाही.

गाडीत इज्जा मागे, उशी पोटाशी धरून डोळे मिटून पडली होती. कल्तूमा पुढे. अगादीरच्या नोकरीवर तिला येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि पत्र तिच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात दिसत होतं.

"सगळं ठीक?" मी विचारलं.

"ठीक, मामा."

मी गाडी डोंगरावर चढवली. मग एका आर्गानच्या झाडाखाली गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"गाडी तापली?"

"नाही. आई कशी आहे तुझी?"

"ठीक आहे."

"पाय?"

"चालते आता. ठीक."

"कोंबड्या?"

"मामा, काय चाललंय?"

"कोंबड्या कशा आहेत, मी विचारतोय."

"ठीक."

मी विचारत गेलो. भट्टी, विहीर, तिचा कासाब्लांकातला बाप, भाजलेलं बोट. सहाव्या की सातव्या वेळेला तिची हनुवटी हलायला लागली. "डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणली असती तर फक्त गाठ काढून भागलं असतं. मी तिला ते सांगितलं नाही. पहिल्यांदाच मी कुणाचं बोलणं गाळलं. ते दोन महिने मी घालवले, मामा." आणि ती रडू लागली, लहानपणी पेटी उतरवताना रडली होती तशी, आवाज न करता.

"माझंही ऐक," मी म्हणालो. "मार्चमध्ये मी हिला आरशात पाहिलं होतं. बाकावर सगळं ऐकलं. मी सुद्धा..."

"किती विचारता रे एकमेकांना," मागून इज्जा म्हणाली. तिने डोळे उघडले नव्हते. "कल्तूमा, ते डॉक्टर काय बोलले ते मला पूर्ण सांग. आपल्या भाषेत. शब्दन् शब्द."

कल्तूमाने सांगितलं. इज्जाने ऐकून घेतलं.

"मला वाटलंच होतं. ते बोलत होते तेव्हा मी तुझं तोंड बघत होते. 'ठीक' मी म्हणाले होते, पोरी. तू फक्त पोचवलंस. ते वाक्य माझं आहे, मला परत दे." मग थोडं थांबून, "आणि बिहि, तू काय नवीन सांगतोयस? मार्चपासून तू एकेक खड्डा चुकवत गाडी हाकत होतास. यामना म्हणायची, नवरा म्हातारा झाला, चालवता येत नाही त्याला. मी म्हटलं, नाही, त्याला माहीत आहे."

मी गाडी सुरू केली.

"पाणी दे गं," इज्जा म्हणाली. कल्तूमा पत्राची पिशवी पुढच्या जागेवरच सोडून बाटली घेऊन मागे गेली, आणि तिझगी येईपर्यंत मागेच बसली.